कुरणातली मांजरं

तुमच्या पत्रातला फोटो मी चष्मा पुसून दोनदा पाहिला. लाकडाची लांबट पेटी, तिच्या तोंडाला तारेची जाळी आणि शेजारी उकिडवी बसलेली तुम्ही दोघं. शाळेतर्फे दर शनिवारी तुम्ही रानात जाता, पूर्वी जहाजांतून आलेल्या लोकांनी आणलेली जनावरं पकडायच्या या पेट्या तपासता, कारण तिकडचा एक पक्षी जमिनीवर अंडी घालतो आणि त्याला उडता येत नाही, हे सगळं पत्रात नीट लिहिलं आहे. शेवटी विचारलं आहे, आजी, तुमच्याकडे असं काही होतं का?

फोनवर मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. पेटीही होती, पक्षीही होता. मी त्या कामाची चिटणीस होते.

आयुष्यभर मी मुलींना इंग्रजी शिकवलं, तुम्हाला पत्रंही इंग्रजीत लिहिते. हे मात्र मराठीत लिहिते आहे. एकदा इंग्रजीत लिहायला घेतलं होतं, तर दोन पानांतच त्यातली सगळी माणसं शहाण्यासारखी वागू लागली. म्हणून ते फाडून टाकलं. हे बाबांकडून वाचून घ्या.

तेव्हा आम्ही अकोटला होतो. तुमचे बाबा अजून झाले नव्हते. आजोबा शेतकी खात्यात, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि रविवारचं काय करायचं हा मला प्रश्न असे. गावाबाहेर सातपुड्याच्या अंगाला एक मोठं गवताचं कुरण होतं. पावसाळ्यात तिथे तणमोर येत. कोंबडीएवढा पक्षी. नर काळाभोर, डोक्यामागून दोन्हीकडे रिबिनीसारखी पिसं निघालेली. आषाढात गवत कमरेएवढं झालं की तो गवतातून सरळ वर उडी घ्यायचा, हवेत पंख फडफडवायचा आणि पडल्यासारखा खाली जायचा. थोड्या वेळाने पुन्हा. दिवसभर त्याचं हेच. मादी मात्र मातकट रंगाची, दिसतच नसे. ती गवतात जमिनीवरच तीन-चार अंडी घालून बसे.

हे पक्षी राखायचे अशी कल्पना एका निवृत्त हेडमास्तरांची. तरुणपणी त्यांनी याच कुरणात उडत्या तणमोरावर नेम धरून पुष्कळ शिकार केली होती. म्हातारपणी त्यांनी बंदूक विकली आणि मंडळ काढलं. मंडळात आम्ही पाच जण. हेडमास्तर, पोस्टमास्तर, मी, कुरणाला लागून जिचा भाजीचा आणि झेंडूचा मळा होता ती माळीणबाई आणि प्राथमिक शाळेतले एक गुरुजी.

गुरुजींबद्दल आधी सांगायला हवं. ते लहानपणी याच कुरणात गावाची गुरं राखत. आम्ही बाकीचे घरटं शोधायला लांब दोरी दोन टोकांना धरून गवतावरून ओढत चालायचो, की मादी कुठून उठते ते दिसावं. गुरुजींना दोरी लागत नसे. ते बाभळीखाली तासभर बसून राहत. मादी घरट्यावर कधी उडून येत नाही, लांब उतरते आणि चालत येते, गवताचे शेंडे कुठे हलतात तेवढं पाहायचं, असं ते सांगत. त्यांना सापडलेली घरटी आम्हा चौघांच्या दुपटीहून जास्त होती. घरट्याभोवतीचा तुकडा कापू नका हे गवत कापणाऱ्या बायांना त्यांनीच पटवलं होतं.

त्यांच्या वडिलांकडे गावातलं मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम होतं. पिढ्यान् पिढ्या होतं. नागपूरच्या दीक्षेनंतर त्यांच्या सगळ्या वस्तीने ते काम एका दिवसात सोडलं. त्यावरून गावात तेढ झाली. एक मेलेला बैल तीन दिवस वेशीजवळ पडून होता, कारण हात कोणी लावायचा हे ठरत नव्हतं. मला हे सगळं माहीत होतं. तो वास आमच्या शाळेपर्यंत आला होता.

मंडळाचा पाळीचा तक्ता मी करायची. फुलस्केप कागद, तांबड्या शाईच्या रेघा. तारीख, काम, कोणाची पाळी आणि काम झालं की बरोबरची खूण. तो कागद मुलांच्या शाळेच्या व्हरांड्यात लावत असू. मला त्या तक्त्याचा अभिमान होता. एकही रकाना कधी रिकामा नसे.

आता मांजरांचं. कुरणाच्या पलीकडे एक जिनिंग होतं. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथे कापूस वटवला जाई आणि सरकीचे डोंगर गोदामात साठत. सरकीवर उंदीर. म्हणून जिनिंगच्या मालकाने एका हंगामात अकोल्याहून पोत्यांत घालून मांजरं आणवली. ट्रकमधून ती पोती उतरवताना पोस्टमास्तरांनी पाहिली होती, पोती चालत होती म्हणाले. हंगाम संपला, सरकी गेली, सरकीबरोबर उंदीर गेले आणि मांजरांना कोणी विचारीना. ती कुरणात उतरली. पावसाळा लागला की पक्षी तिथेच अंड्यांवर बसत.

पहिल्या पावसाळ्यात आम्हाला कळलंच नाही. दुसऱ्या वर्षी दोन घरट्यांत नुसती टरफलं मिळाली, तिसऱ्यापाशी मादीचा एक पंख. गुरुजींनी चिखलातले ठसे बोटाने दाखवले. कोल्ह्याचे नाहीत, मुंगसाचे नाहीत, म्हणाले.

शाळेच्या सुताराकडून देवदारी खोक्यांच्या तीन पेट्या करून घेतल्या, तुमच्या फोटोतल्यासारख्याच. आत सुकट टांगायची, ती ओढली की झाकण पडायचं. शनिवारी संध्याकाळी लावायच्या, रविवारी सकाळी पाहायच्या. मांजरं सापडू लागली. पण सापडलेल्या मांजराचं करायचं काय? ती लांब नेऊन सोडू, असं मीच सुचवलं आणि पहिली दोन टोपलीत घालून, वर लुगडं बांधून, तेल्हाऱ्याच्या एस. टी.त बसले. गाडीभर आवाज. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "बाई, लेकरू केव्हाचं रडून राहिलं, पाजा न त्याले." सगळी गाडी हसली. मीही हसले. निम्म्या वाटेत उतरून एका नाल्यापाशी त्यांना सोडलं.

दोन आठवड्यांनी त्यातलं एक पुन्हा पेटीत सापडलं. पिवळं, डावा कान फाटलेला बोका. मी वहीत वर्णन लिहून ठेवलं होतं, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती. त्याला पुन्हा सोडून द्यावं लागलं.

त्या रविवारी हेडमास्तरांच्या ओसरीवर बैठक झाली. गुरुजी तापाने आजारी होते, आले नव्हते. मांजरं मारल्याशिवाय पक्षी राहणार नाहीत हे सगळ्यांना कळत होतं आणि मारायचं कोणी यावर सगळे गप्प. मांजर मारणं हे आपल्याकडे साधं पाप मानत नाहीत. सोन्याचं मांजर करून दान द्यावं लागतं, काशीला जावं लागतं असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. पोस्टमास्तर म्हणाले की त्यांच्या बायकोला सहावा महिना आहे, त्यांच्याकडे कोणी पाहूच नये. माळीणबाई म्हणाली, "मास्तर, तुमी येवढे पाखरं मारले, एक मांजर मारा न."

हेडमास्तर हसले नाहीत. "पाखराचं निराळं," एवढंच म्हणाले.

 मग तेच हळू आवाजात म्हणाले, "गुरुजींच्यात हे मानत नाहीत आता. सोन्याचं मांजर, काशी, त्यांनी सगळंच सोडलं."

माळीणबाई म्हणाली, "आन् त्यायले सवय बी हाये."

तिच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. ती आमच्याइतकीच सुटायला बघत होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण कागद माझ्यापुढे होता. मी "मांजरांची विल्हेवाट" असा नवा रकाना आखला आणि त्याखाली गुरुजींचं नाव लिहिलं. पुढच्या पाच रविवारांपुढे, पाचही वेळा. आपण काही वाईट करतो आहोत असं मला वाटलं नाही. काम वाटून दिल्यावर वाटतं तसं, हलकं वाटलं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत गुरुजी आमच्या शाळेच्या फाटकाशी आले. ताप उतरला होता, चेहरा ओढलेला. व्हरांड्यातला तक्ता काढून, घडी घालून त्यांनी सोबत आणला होता.

"अक्षर तुमचं आहे ना, बाई?"

मी हो म्हटलं.

"आमचं पहिलं शील काय आहे, प्राण्याची हत्या करणार नाही. रोज सकाळी म्हणतो. ते तुम्हाला माहीत नसेल, त्यात तुमचा दोष नाही." मग म्हणाले, "पण माझा बाप काय ओढायचा, ते तर माहीत होतं."

मी काहीतरी बोलू लागले. पक्ष्यांसाठी, बहुमत, असं काहीतरी. त्यांनी ऐकून घेतलं. मग खिशातून पेन काढलं, कंपाउंडच्या भिंतीवर कागद ठेवला, आपलं नाव चार ठिकाणी खोडलं आणि तिथे क्रमाने हेडमास्तर, माळीणबाई, पोस्टमास्तर आणि शेवटी माझं नाव लिहिलं. पहिल्या रविवारी स्वतःचं नाव तसंच ठेवलं.

"पाळीचा तक्ता आहे, तर पाळी लावू. माझी पहिली. मी चुकवणार नाही. पण मग कोणीच चुकवायची नाही."

हा कागद त्यांनी पुन्हा व्हरांड्यात लावला. त्यावर कोणी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायची म्हणजे कारण सांगावं लागलं असतं.

रविवारी पेटीत एक करडी मांजरी होती. कुरणातून जाणाऱ्या नाल्याला एका ठिकाणी डोह होता. गुरुजींनी पेटीला दोरी बांधली, पेटी डोहात सोडली आणि दोरी धरून पाठ करून उभे राहिले. आम्ही चौघं बांधावर होतो. किती वेळ लागतो हे मी तुम्हाला सांगणार नाही. नंतर त्यांनी काठावर खड्डा खणला, मांजरी पुरली, हात धुतले, पुन्हा धुतले. मी तक्त्यावर बरोबरची खूण केली.

दोन दिवसांत गावभर झालं. कोणी सांगितलं ते मला माहीत नाही, पण बांधावर आम्ही चौघंच होतो. गुरुजी फळ्याकडे वळले की वर्गातून म्याव असा आवाज येऊ लागला. दोन आयांनी आपल्या पोरांना शाळेतून काढलं. माळीणबाईने त्यांच्या आईला झेंडूची फुलं देणं बंद केलं. त्या बाई दर पौर्णिमेला बुद्धाच्या तसबिरीसाठी तिच्याकडून हार नेत. मांजर मारल्या घरी मी फूल देत नाही, असं तिने रस्त्यात सांगितलं. तीच माळीणबाई, जिच्या तोंडून सवयीचं बोलणं निघालं होतं.

दुसरा रविवार हेडमास्तरांचा. त्यांनी गुडघा धरला आहे असा निरोप पाठवला. गुरुजी पेटीजवळ बसून राहिले. बारा वाजेपर्यंत वाट पाहिली आणि मग झाकण उघडून मांजर सोडून दिलं. मी म्हटलं, गुरुजी, हे काय? ते म्हणाले, "आज माझी पाळी नाही."

तिसऱ्या रविवारी माळीणबाई मळ्यातूनच ओरडून म्हणाली की ती माळकरी आहे, तिच्याच्याने होणार नाही. बारा वाजता झाकण उघडलं. चौथ्या रविवारी पोस्टमास्तर बायकोला माहेरी पोचवायला गेले होते. पुन्हा बारा. दर आठवड्याला एखादं घरटं रिकामं होत होतं आणि ते गुरुजींनाच आधी दिसत होतं. ते टरफलं गोळा करून रुमालात बांधत आणि मला मोजायला देत. 

पाचव्या रविवारापर्यंत आम्हाला माहीत असलेलं एकच घरटं उरलं होतं. न कापलेल्या तुकड्यात, तीन अंडी. गुरुजींच्या अंदाजाने चार-पाच दिवसांत पिल्लं निघाली असती. ती निघाली की आई त्यांना घेऊन चालू लागते, मग धोका पुष्कळ कमी. तेवढेच चार-पाच दिवस.

मी गेले. एवढं तरी माझ्या बाजूने लिहू द्या. न जाण्यासाठी माझ्याकडे दोन कारणं तयार होती, पण मी गेले.

मधल्या पेटीत तो पिवळा बोका होता, फाटक्या कानाचा. घरट्यापासून पेटी शंभर पावलांवर. गुरुजींनी दोरी बांधून दिली आणि टोक माझ्या हातात ठेवलं. नवी काथ्याची दोरी, हाताला टोचत होती. मी पेटी डोहात सोडू लागले. पाणी जाळीपर्यंत आलं तसा आतून जो आवाज आला, तसा मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. मी पेटी वर ओढली. पुन्हा सोडली. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा माझे हात चालेनात.

मग मी गुरुजींना म्हणाले, "तुम्हीच करा ना. तुम्ही एकदा केलं आहे."

इतक्या वर्षांत मी तुमच्या आजोबांनाही हे वाक्य सांगितलं नाही.

गुरुजी रागावले नाहीत. ते माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिले, आपण कोणाला तरी ओळखतो असं वाटावं आणि नंतर ती व्यक्ती दुसरीच निघावी, तसे. मग वाकून त्यांनी झाकण वर केलं. बोका ओला होता, काठावर क्षणभर थांबून त्याने अंग झटकलं आणि गवतात गेला. सकाळचे नऊही वाजले नव्हते.

"तुमची बारापर्यंत वाट पाहत नाही," ते म्हणाले. "तुम्ही आल्या होत्या." आणि पेट्या तशाच ठेवून बांधाने निघून गेले.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी एकटी कुरणात गेले. घरटं शोधायला मला वेळ लागला. अंडी नव्हती. मादीही नव्हती, तिची पिसं होती.

गुरुजी पुन्हा मंडळात आले नाहीत. त्यांनी बदलीचा अर्ज केला आणि दिवाळीनंतर वाशीमकडच्या एका खेड्यात गेले. त्यांची आई अकोटलाच राहिली. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन त्यांच्या घरी गेले. कशाला गेले, सांगता येत नाही. माफी मागायची होती आणि ती मागावी लागू नये असंही वाटत होतं. बाई दारात गोधडी शिवत बसल्या होत्या. मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. मी गुरुजींची खुशाली विचारली. बरं आहे, म्हणाल्या.

मग सुई न थांबवता म्हणाल्या, "माह्या मालकानं ते काम सोडलं, तवा लोकायनं आमचं पानी बंद केलं, दाने बंद केले. आमी सोसलं. पोरगं शिकलं, मास्तर झालं. वाटलं, आता सुटलो." त्यांनी दोरा दाताने तोडला. "आन् तुमी त्याले ते पुन्हा लिहून देलं, बाई."

मी तिळगुळाचा डबा पाटाजवळ ठेवून उठले. फाटकाबाहेर येते तोच त्यांनी हाक मारली आणि डबा परत हातात दिला. तीळ खात नाही, म्हणाल्या, दाताला लागतात.

मंडळ मोडलं असं कोणी जाहीर केलं नाही. तक्ता करायचं मी थांबवलं, एवढंच. पुढच्या पावसाळ्यात कुरणावर दोन नर उड्या मारताना दिसले, त्याच्या पुढच्या वर्षी एक. तो एकटा भादव्यापर्यंत उड्या मारत होता. त्याला पाहायला मादी होती की नाही, मला माहीत नाही. नंतर कुरणाचा बराचसा भाग नांगरला गेला, तिथे कपाशी आली. आजोबांची बदली अमरावतीला झाली आणि आम्ही अकोट सोडलं.

तो तक्ता माझ्याकडे आहे. सामान बांधताना सापडला, तेव्हापासून प्रत्येक घरात सोबत आला. तांबडी शाई आता विटकरी झाली आहे. माझ्या अक्षरातली चार खोडलेली नावं, त्यांवर गुरुजींच्या अक्षरातली चार, आणि पाच रविवारांत मिळून बरोबरची खूण एक.

तुम्ही पत्रात पेटी कशी लावतात ते लिहिलं, कशी तपासतात ते लिहिलं. पेटीत काही सापडलं तर पुढे ते काम कोण करतं, ते लिहिलेलं नाही. मोठं कोणीतरी करत असेल. त्याचं नाव काय, ते आपण होऊन करतो की त्याला सांगितलेलं आहे, सांगितलं असेल तर त्यालाच का, एवढं विचारा आणि मला कळवा. आणि त्याच्याबरोबर डबा खायला बसता का, तेही लिहा.